कोळंबीचा पीळ

किनाऱ्यावरच्या सुगरणीचा एका गोष्टीवर ठाम विश्वास असतो: पदार्थाचा कोणताही खोडसाळपणा स्वयंपाकघरात काढता येतो. सुरण खाजरा निघाला तर चिंच घालायची, कारलं कडू लागलं तर मीठ चोळायचं, अळूने घसा खवखवला तर कोकम आहेच. त्यामुळे नवा जावई पाटावर बसल्या बसल्या "मला कोळंबी चालत नाही, अंगावर पित्त उठतं" असं म्हणाला, तरी सासूबाई खचत नाहीत. त्यांच्या मते दोष कोळंबीचा नसतोच, साफ करणाऱ्याचा असतो. "पाठीतला काळा दोरा राहिला असेल हो, जावईबापू. आमच्याकडची खाऊन बघा, काही होत नाही."

दोरा निघतो, पित्त उठायचं राहत नाही. कारण खोडी दोऱ्यात नसून मांसात असते. स्नायूंच्या हालचालीला लगाम घालणारं ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रथिन आहे. कोळंबीच्या ॲलर्जीमागे मुख्यतः तेच आहे, हे १९९३ साली दाखवून देणाऱ्यांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक होते. त्यांनी तपासलेली कोळंबीही आपल्याच समुद्रातली, पांढरी. गंमत म्हणजे ट्रोपोमायोसिन कोंबडीत असतं, बोकडात असतं आणि खुद्द जावयातही असतं. पण ते त्याच्या स्वतःच्या प्रथिनाशी इतकं मिळतंजुळतं, की शरीर सहसा त्याची दखल घेत नाही. कोळंबीचं मात्र त्याला परकं वाटतं. तिचं जवळचं साम्य झुरळाच्या ट्रोपोमायोसिनशी आहे, पण ही माहिती पंगतीत न सांगितलेली बरी.

आता हे प्रथिन शिजवून का मरत नाही? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. हे प्रथिन म्हणजे दोन पदर एकमेकांभोवती वळून झालेला अक्षरशः पीळच. उकळत्या पाण्यात तो सुटतो आणि पाणी निवलं की पुन्हा वळला जातो. शिवाय शरीरातली प्रतिपिंडं त्याला नुसत्या लहानशा तुकड्यावरूनही ओळखतात. म्हणून कोळंबी उकडा, तळा, नाहीतर वाळवून तिचे सोडे करा, पीळ आपल्या जागी कायम.

मग शास्त्रज्ञांनी कंबर कसली. समुद्राच्या सर्वांत खोल तळाशी असतो त्याच्या चार-पाच पट दाबाखाली कोळंबी दाबून पाहिली. नुसत्या दाबाला ती फारशी दाद देत नाही. दाब आणि उष्णता दोन्ही एकदम लावली तर थोडी नमते. ध्वनिलहरींनी हलवून झालं, आंबवून झालं. साखरेबरोबर तापवून पाहिलं, तर माकुलाची खोडी कमी झाली आणि एका शिंपल्याची उलट वाढली. विकरांनी प्रथिनाचे बारीक तुकडे केले तेव्हा मात्र बरंच यश आलं. पण अशा तुकड्यांना कडवट चव येते आणि मांसाचा लगदा होतो. थोडक्यात, ॲलर्जी जाता जाता कोळंबीलाही बरोबर घेऊन जाते.

आणि एवढं करूनही हाती लागतं ते 'कमी', 'नाही' नव्हे. रक्तद्रव घेऊन केलेल्या चाचणीत ॲलर्जीचा जोर घटलेला दिसणं वेगळं आणि जिवंत माणसाने ताट पुसून खाणं वेगळं. ज्याच्या अंगावर आज नुसतं पित्त उठलं, त्याचा पुढच्या वेळी श्वासही अडकू शकतो. तिथे घरगुती प्रयोगाला जागा नाही. आगळ पिऊन किंवा अंगाला कोकम चोळून तर मुळीच नाही.

तरी मला या शास्त्रज्ञांचं कौतुक वाटतं, कारण आतून ते सासूबाईच आहेत. पानावरून कोणी उपाशी उठू नये, हीच दोघांची तळमळ. फरक इतकाच, की शास्त्रज्ञ आधी मोजतात आणि सासूबाई आधी वाढतात. त्यांची शेवटची तडजोड ठरलेली: "बरं, कोळंबी बाजूला काढते, नुसता रस्सा तरी घ्या." नेमकी इथेच घात होतो. ट्रोपोमायोसिन पाण्यात छान उतरतं. बंगळूरच्या संशोधकांनीही हे प्रथिन कोळंबी उकळूनच मिळवलं होतं. म्हणजे त्यांनी जे प्रयोगशाळेत कष्टाने केलं, ते सासूबाई रोज वाटण लावून करतात. काहींना तर रश्श्याची वाफही सोसत नाही.

"इतकी वर्षं तर खात होतात की!" हा पुढचा मुद्दाही टिकत नाही. ही ॲलर्जी पुष्कळदा मोठेपणीच उपटते आणि बहुधा जन्मभर राहते.

तेव्हा प्रयोगशाळेतून निर्धोक कोळंबी बाजारात येईपर्यंत खात्रीची प्रक्रिया एकच. जावयासाठी वेगळी कढई, वेगळा डाव, वेगळं तेल. एवढं सगळं घरात सहज जमतं. त्यापुढची पायरी अवघड आहे: त्याच्या "नको"वर "थोडंसं?" न म्हणणं. आग्रहाचा पीळ सोडवणारं विकर अजून कोणाला सापडलेलं नाही, आणि त्यावर कोणी संशोधन करत असल्याचंही ऐकिवात नाही.