एक वाक्य सांगा पाहू

निबंध नुकताच लिहून झालाय, आणि कोणी विचारलं, ‘यातलं एखादं वाक्य सांगा पाहू,’ तर? अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने नेमका हाच खवचटपणा केला. बॉस्टन परिसरातल्या विद्यापीठांतली ५४ मंडळी जमवली, मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारी टोपी त्यांच्या डोक्यावर चढवली आणि २० मिनिटांत निबंध लिहा म्हणून बसवलं. एका गटाला चॅटजीपीटी, दुसऱ्याला इंटरनेटवरचा शोध, तिसऱ्याला जन्मतः मिळालेलं डोकं. पहिल्या फेरीत चॅटजीपीटीवाल्या १८ जणांपैकी १५ जणांना स्वतःच्या निबंधातलं वाक्य सांगणं जड गेलं.

२०२५च्या जूनमध्ये हे जाहीर झाल्यावर ‘पोरांची स्मरणशक्ती गेली’ असा गलका झाला. मी पोरांच्या बाजूने आहे. विसरायला ती गोष्ट आधी डोक्यात यावी लागते. शेजारच्यांची वरात आपण गॅलरीतून पाहिली, तर नवरीच्या मामाचं नाव आठवत नाही म्हणून आपल्याला विसराळू कसं म्हणायचं?

आणि आम्ही तरी काय दिवे लावले होते? ‘पावसाळ्यातील एक दिवस’ गाइडमधून घोकला, पेपरात ओतला. अजूनही झोपेतून उठवलंत तर काळ्या ढगांपासून इंद्रधनुष्यापर्यंत धडाधड म्हणून दाखवू. पाठांतर पक्कं, विचाराच्या नावाने शून्य. पाऊस खिडकीबाहेर पडत होता. तिकडे पाहायला फुरसत कुणाला? एमआयटीतल्या प्रयोगात निबंध तपासणाऱ्या शिक्षकांना यंत्राच्या मदतीने लिहिलेले बरेचसे निबंध निर्जीव वाटले. आमच्या गुरुजींनी तसल्याच निबंधांना दहापैकी आठ दिले होते.

फरक एवढाच, की घोकताना निदान घसा दुखायचा. शब्द परके असले तरी ते वाहायचे आपल्यालाच. आता तेही यंत्राने उचललं.

मला चौथी फेरी जास्त आवडली. तिच्यात गटांची अदलाबदल केली. जे आधी स्वतःच्या डोक्याने झगडले होते, त्यांच्या हाती नंतर यंत्र दिलं, तरी त्यांचा मेंदू चांगला जागा राहिला. लिहिलेलंही आठवत होतं. म्हणजे भांडण यंत्राशी नसावं, पहिलं पाऊल कोणी टाकायचं याच्याशी असावं. अर्थात या फेरीला उरले होते जेमतेम १८ जण. तेवढ्यावरून अख्ख्या पिढीची कुंडली मांडायचा उत्साह मला नाही.

तो इतरांना होता. अहवाल दोनशेहून अधिक पानांचा. तो वाचायचा कोणी? लोकांनी तो एआयला देऊन सारांश मागवला आणि पुढे ढकलला. मुख्य संशोधक नतालिया कोस्मिना यांनी हे ओळखून अहवालात आधीच सापळा लावला होता: तुम्ही भाषा-प्रारूप असाल, तर फक्त खालचा तक्ता वाचा! प्रकल्पाच्या संकेतस्थळावर त्यांनी एक विनंतीही केली आहे, की या अभ्यासाबद्दल लिहिताना ‘मूर्ख’, ‘मेंदू सडणं’ असले शब्द वापरू नका. पण ती विनंती वाचायची, तर ते पान स्वतः उघडावं लागतं.