कौलखातेमीमांसा

मतदान या विषयावर मानवजातीने पुष्कळ डोके शिणवले आहे. बोर्दा आणि काँदॉर्से हे फ्रेंच पंडित अठराव्या शतकात मते मोजायची कशी यावर ग्रंथ लिहीत बसले. केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ साली दाखवून दिले की तीन किंवा अधिक पर्याय असले, की रास्त वाटणाऱ्या साऱ्या अटी एकदम पाळणारी मोजणी सापडणेच अशक्य. परंतु मतदान ज्या खात्यातून चालवायचे त्याचा पासवर्ड कोणापाशी असावा, या मूलभूत प्रश्नाला तिघांपैकी एकानेही हात घातलेला नाही. ही उणीव आम्ही येथे भरून काढीत आहोत.

मीमांसकांच्या अधिकरणाला पाच अंगे असतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. विषय असा, की आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीला बदामी रंग द्यावा की मोतिया. संशय असा, की या दोहोंत फरक काय. संशय फिटण्याची चिन्हे नसल्याने कमिटीने ऑनलाइन कौल घ्यायचे ठरवले.

कौलाची आपली परंपरा या बाबतीत फार संयमी आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा गुरव मूर्तीला पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणे घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नोंदणी नाही, ‘इतर’ असा रकाना नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रातल्या विलीनीकरणावर जनमत कौल दिला, तेव्हाही चिन्हे दोनच होती: विलीनीकरणाला फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. पाने ३४,०२१ मतांनी पुढे गेली आणि विषय संपला. आमच्या कौलात मात्र बदामी, फिकट बदामी, मोतिया, ‘आधीचाच’ आणि ‘मेजॉरिटी म्हणेल तो’ असे पर्याय होते. शिवाय ‘इतर’चा रकाना उघडा राहिला होता, त्यात बहुतेकांनी ‘आधी लिफ्ट दुरुस्त करा’ असे लिहिले.

आता साधनविचार. आमचा कौल जिच्यावर घेतला ती, आयर्लंडमधल्या स्लायगो गावी जन्मलेली ‘पोलडॅडी’ ही कौलसेवा २००८ साली वर्डप्रेसवाल्या ऑटोमॅटिकने विकत घेतली आणि २०१८ साली तिचे ‘क्राउडसिग्नल’ म्हणून पुन्हा बारसे केले. तिच्या सेटिंगमध्ये प्रबंध व्हावा अशी एक जागा आहे. दुबार मतदाराला अडवावे कसे? अडवूच नये, कुकीने अडवावे, किंवा कुकी आणि आयपी पत्ता दोहोंनी अडवावे. वर ही बंदी किती काळ टिकावी तेही आपणच निवडायचे: तासभर, दिवसभर, आठवडा, महिना. १९६२ पासून आपल्या बोटाला म्हैसूरच्या कारखान्यातली शाई लागते. ती तासाभरात उडून जावी का, असे निवडणूक आयोगाने आम्हांला कधी विचारलेले नाही.

आणि कुकी बसते ब्राउझरमध्ये, माणसात नव्हे. मोबाइल, ऑफिसचा लॅपटॉप आणि इन्कॉग्निटो खिडकी बाळगणारा गृहस्थ त्यामुळे तीन मतदार होतो. आयपी पत्त्याचे नेमके उलटे. घरच्या वायफायवरचे आजोबा, सून आणि नातू मिळून एकच मतदार. मोबाइल कंपन्या तर असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे उभे करतात. पहिल्या मार्गाने एकाचे अनेक होतात, दुसऱ्याने अनेकांचा एक. द्वैत-अद्वैताचा वाद इतक्या स्वस्तात अन्यत्र मिळत नाही.

पूर्वपक्ष बी विंगमधल्या एका काकूंच्या इंजिनिअर पुतण्याने मांडला: निकाल डोळ्यांनी काय बघता, एपीआय वापरा, म्हणजे प्रोग्रामलाच सेवेशी थेट बोलू द्या. खात्यातून एक किल्ली मिळते, बत्तीस अक्षर-अंकांची, मधूनमधून आडव्या रेघा असलेली. तिच्या जोडीला ईमेल आणि पासवर्ड दिला की वापरकर्त्याचा वेगळा कोड हाती येतो. मग जेसन नावाच्या मांडणीतल्या महिरपी कंसांत आपली मागणी लिहून धाडायची. उत्तरही कंसांतच येते. पुतण्याने दर पाच मिनिटांनी निकाल ओढून ग्रुपवर टाकणारी स्क्रिप्ट लिहिली. रात्री एक ते पहाटे पाच एकही मत पडले नाही, ही वार्ता सभासदांना अठ्ठेचाळीस वेळा कळवण्यात आली. सकाळी कोणी तक्रार करताच त्याने पारदर्शकतेसाठी अख्खी स्क्रिप्टच ग्रुपवर टाकली, किल्ली आणि कोडासकट. ज्याच्या हाती ही जोडी, त्याला कौल बंद करता येतो, पर्याय बदलता येतात, मते शून्यावर आणता येतात. आमच्याकडे तिन्ही गोष्टी दुपारच्या आत झाल्या.

हे बालिश वाटत असेल तर २००९ सालचा ‘टाइम’ साप्ताहिकाचा प्रभावशाली व्यक्तींचा ऑनलाइन कौल आठवावा. फोरचॅन या संकेतस्थळावरच्या मंडळींनी मत नोंदवणारा वेबपत्ता हेरून स्क्रिप्टा सोडल्या आणि आपल्या संस्थापकाला पहिला आणला. एवढ्यावर समाधान न मानता पहिल्या एकवीस नावांची आद्याक्षरे जुळवून आपल्याला हवा तो मजकूर वाचता येईल अशी क्रमवारीही लावून दाखवली. आमच्या संस्थेला पार्किंगचे नंबरसुद्धा इतके बिनचूक लावता आलेले नाहीत.

सिद्धान्त असा, की कौल मतदाराचा नसतो, खातेदाराचा असतो. २०१६ साली ब्रिटनमध्ये संशोधन-जहाजाच्या नावासाठी कौल घेतला तेव्हा ‘बोटी मॅकबोटफेस’ला १,२४,१०९ मते पडून ते पहिले आले. जहाजाला नाव मिळाले सर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचे. जनतेच्या पसंतीची बोळवण पाण्याखाली जाणाऱ्या एका यंत्रावर झाली. आमचे खाते मागच्या सेक्रेटरीसाहेबांनी स्वतःच्या ईमेलवर उघडले होते आणि ते आता मुलाकडे न्यू जर्सीत असतात. किल्ली बदलायची तर पासवर्ड हवा, पासवर्ड विसरला तर मेल त्यांनाच जाते, आणि आमच्याकडे सभा भरते तेव्हा ते झोपलेले असतात. त्यांचे स्वतःचे मत बदामीला आहे.

राहिली संगती. खाते संस्थेच्या ईमेलवर काढावे, कमिटी बदलली की पासवर्ड आणि किल्ली दोन्ही बदलावीत, आणि कौल चालू असताना पर्यायांना कोणी हात लावू नये. ज्या वाचकांच्या संस्थेचे खाते परदेशी गेलेल्या सेक्रेटरींच्या नावे असेल, त्यांनी आजच फोन लावावा. मात्र तिकडे किती वाजलेत ते आधी बघावे.