फुलं बोटभर, भानगडी हातभर

बागकामाचा नाद असलेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोण येतं? निवृत्त, टोपीवाला, हातात झारी, शेजारणीला विनातक्रार कढीपत्ता तोडू देणारा एक गरीब जीव. या भ्रमात असाल तर इंग्लंडातल्या अल्पाइन झाडांच्या शौकिनांची माहिती काढा. वरून काय ती सभ्यता! चहाचे कप, केकचे तुकडे, "तुमचा सॅक्सिफ्रेज यंदा काय सुरेख आलाय!" आणि आतून नुसती धुसफुस. त्यात या मंडळांनी हौशी छायाचित्रकारांसाठी स्पर्धा काढल्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मंडळंही कालपरवाची नव्हेत हो. इंग्लंडातली अल्पाइन गार्डन सोसायटी १९२९ची, स्कॉटलंडातला रॉक गार्डन क्लब १९३३चा, आणि अमेरिकेतल्यांनी १९३४मध्ये आपली वेगळी चूल मांडली. सगळ्यांचा जीव कशावर? तर डोंगरावर वृक्ष जिथे हात टेकतात त्याच्याही वर उगवणाऱ्या इवल्याशा झाडांवर. तिथे वारा कुणाला उभं राहू देत नाही, बर्फ महिनोन् महिने हटत नाही, आणि मातीच्या नावानं दगडाचा चुरा. म्हणून ही झाडं जमिनीला चिकटून, अंग आवळून, गच्च उशी होऊन बसतात. सायलिनी अकॉलिस नावाची अशी एक उशी तीनशेहून अधिक वर्षं जगू शकते. म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या अमदानीत रुजलेली बाई आज अंगभर गुलाबी फुलं माळून बसलेली असू शकते.

आणि अशा वयोवृद्ध बाईसमोर ही माणसं काय करतात? पोटावर आडवी होतात! सत्तरी ओलांडलेले, एक गुडघा बदललेले, एकेकाळी बँकेत सही केल्याशिवाय पान हलू न देणारे साहेब गाल दगडाला टेकवून, पार्श्वभाग आभाळाकडे करून पडलेले असतात. लांबून येणाऱ्याला वाटावं, माणूस कोसळला. मदतीला धावत जावं तर तोच खेकसतो, "बाजूला व्हा, सावली पडतेय!" शेजारी त्याची पत्नी. तिच्या हातात छत्री, पण ती नवऱ्यासाठी नाही, फुलाला वारा लागू नये म्हणून. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्यासाठी कुणी अशी छत्री धरली होती का, हे मी विचारत नाही.

फूल नखाएवढं. भिंग इतकं जवळ न्यायचं की पुंकेसर स्पष्ट दिसले तर पाकळी धूसर, पाकळी साधली तर पुंकेसर गेले. मग फोकस केसाकेसानं पुढे सरकवत वीस-तीस फोटो घ्यायचे आणि घरी संगणकावर एकावर एक बसवून त्यांचा एक करायचा. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. थोडक्यात, जो फोटो बक्षीस घेऊन जातो तो कुठल्याच एका क्षणाचा नसतो. मला विचाराल तर हा मेकअपच झाला. पण तिथे असं बोललात तर तासभर तुमची सुटका नाही, आणि केकही मिळणार नाही.

साजशृंगार इथे थांबत नाही. खिशात चिमटा असतो. त्यानं वाळकी पानं, काड्या, नको तिथला खडा हळूच दूर होतो. मागे काळं मखमल धरलं की फूल कसं राजवाड्यात बसल्यासारखं दिसतं. आणि ते पहाटेचे दवबिंदू? पुष्कळदा दुपारी बारा वाजता बाटलीतून फवारलेले असतात. त्यात ग्लिसरीन घातलं की थेंब लवकर वाळत नाही. गवताची काडी वाकवून दगडाखाली दाबली तर चालते, तोडली तर पाप. तुटलीच, तर ती आधीपासूनच तुटलेली होती. काडी तोडणाऱ्यांचं ते सर्वमान्य उत्तर आहे.

फुलं वाढवणारे निराळे आणि फुलं टिपणारे निराळे, आणि दोघांचं मुळीच पटत नाही. वाढवणाऱ्यांचा थाट जुना. त्यांच्या प्रदर्शनात कुंड्यांच्या तोंडाचं माप ठरलेलं: लहान वर्गाला १९ सेंटीमीटर, मोठ्याला ३६. प्रदर्शनातल्या सर्वोत्तम झाडाला फॅरर पदक. त्या पदकापायी माणसं डायोनिसिया पाळतात. इराण-अफगाणिस्तानच्या कड्यांवरचं हे झाड हिवाळ्यात पानांवर पाणी पडलं तरी कुजायला टेकतं. म्हणून त्याला काचेचं घर, वारा खेळता राहावा म्हणून पंखा, आणि पाणी द्यायचं ते खालून, वाळूतून. घुमट सगळीकडून सारखा व्हावा म्हणून कुंडी अधूनमधून थोडी फिरवायची. दहा-पंधरा वर्षं असं बाळंतपण केल्यावर कुणी उपटसुंभ खांद्याला कॅमेरा अडकवून येतो, त्याच झाडाचा फोटो काढतो आणि स्पर्धेत नाव कमावतो. वाढवणाऱ्याचा तिळपापड होणार नाही तर काय! कॅमेरेवाल्यांचं उत्तरही तयार असतं: कुंडीत खाऊनपिऊन माजलेल्या झाडाचं कौतुक कसलं, कड्याच्या भेगेत बघा म्हणावं.

इथे मात्र मी कॅमेरेवाल्यांच्या बाजूची. एरिट्रिकियम नॅनम नावाचं एक निळं फूल आहे, इंग्रज त्याला आल्प्सचा राजा म्हणतात. उंच कड्यांवर तळहाताएवढी लोकरी उशी, आणि तिच्यावर असा निळा रंग की बघणाऱ्याची वाचा जावी. हा राजा बागेत नांदत नाही. भल्याभल्यांनी काचघरं बांधली, खास खडी आणली, पंखे लावले. महाराज रुसले ते रुसलेच. त्याला घरी आणण्याचा एकच मार्ग उरतो, फोटो. पूर्वीचे शौकीन काय करत असत? खुरपं काढून सरळ उपटून आणत असत. त्यापेक्षा स्वतःचे गुडघे फोडून घेणारे परवडले.

हे फॅरर कोण, ते सांगायला हवं, कारण खरी भानगड तिथे आहे. रेजिनाल्ड फॅरर, यॉर्कशरमधल्या क्लॅपहॅमचा जमीनदाराचा मुलगा, जन्म १८८०. दगडी बागांचं वेड इंग्रजांच्या घराघरात नेलं ते यानं. परदेशातून आणलेलं बी बंदुकीत भरून घराजवळच्या कड्यावर झाडलं असं सांगतात. आपण बी पेरतो, हा बार उडवतो! बुद्धधर्म स्वीकारलेला, पार्लमेंटची निवडणूक हरलेला, आणि जिभेला हाड नसलेला. लोकांच्या वाईट दगडी बागांचेसुद्धा यानं प्रकार पाडले, त्यातला एक 'कुत्र्याचं थडगं'. शेजाऱ्यांशी संबंध कसे असतील, कल्पना करा.

त्याच काळात टेम्सकाठच्या हेन्लीला सर फ्रँक क्रिस्प नावाच्या श्रीमंत वकिलांनी आपल्या फ्रायर पार्कमध्ये आल्प्सच उभा केला होता. हजारो टन दगडांचं मॅटरहॉर्न शिखर, त्याच्या अंगाखांद्यावर अल्पाइन झाडं, आणि वर चरायला धातूच्या पत्र्याचे शॅमॉय, म्हणजे तिकडचे डोंगरी बोकड. आता हौसेला मोल नाही हे खरं. पण १९१४मध्ये ई. ए. बोल्स या सज्जन बागप्रेमीचं वसंतातल्या बागेवरचं पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना फॅररची, आणि फॅररनं त्या प्रस्तावनेत असल्या श्रीमंती डोंगरांची आणि पत्र्याच्या बोकडांची यथेच्छ टर उडवली. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. नाव न घेताच सगळ्या गावाला कळावं, ही कला काही फक्त आपल्या सोसायटीच्या सभांपुरती नाही.

क्रिस्पसाहेब भडकले, आणि भडकले बिचाऱ्या बोल्सवर. चोर सोडून संन्याशाला सुळी. त्यांनी प्रत्युत्तराचं पत्रक छापलं. वाटलं कुणी? मिस एलन विल्मॉटनं! एसेक्समधल्या वॉर्ली प्लेसची मालकीण, १८९७ साली राजेशाही उद्यान संस्थेचं व्हिक्टोरिया पदक मिळवलेली बाई. ती चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाच्या दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात पत्रकं कोंबत होती, आणि पत्रकांसाठी गळ्यात पिशवी होती म्हणतात ती घोड्यांच्या शर्यतीवर पैजा घेणाऱ्या बुकीसारखी. युरोपात महायुद्धाचे ढग जमलेले, आणि यांची लढाई पत्र्याच्या बोकडांवरून!

या विल्मॉटबाईच्या नावावर किस्से पुष्कळ. उतारवयात १९२८मध्ये दुकानातून चोरी केल्याचा आळ आला, खटला झाला, निर्दोष सुटल्या. आपल्याला काय करायचंय. पण एक गोष्ट या स्पर्धावाल्यांनी ध्यानात ठेवावी: १९०९मध्ये याच बाईनं स्वतःच्या बागेचे स्वतः काढलेले फोटो पुस्तकरूपानं छापले होते. म्हणजे बागेचे फोटो काढून लोकांच्या छातीवर मूग दळण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रायर पार्क पुढे १९७०मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं घेतलं आणि त्या बागेवर जीव टाकला. फॅरर मात्र १९२०मध्ये, चाळिशीतच, फुलं शोधता शोधता ब्रह्मदेशाच्या डोंगरात गेला. ज्याच्या जिभेनं एवढी मनं दुखावली, आज त्याच्याच नावाच्या पदकासाठी माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात.

आता गुपितांचं सांगते. पिवळ्या चपलेसारखं दिसणारं लेडीज स्लिपर ऑर्किड एकेकाळी यॉर्कशरच्या बाजारात विकायला यायचं. लोकांनी उपटून उपटून इतकं संपवलं की विसाव्या शतकात अख्ख्या ब्रिटनच्या रानात एकच झाड शिल्लक असल्याचं १९३०मध्ये लक्षात आलं. त्याची जागा कित्येक दशकं पोटात ठेवली गेली, फुलण्याच्या दिवसांत पहारे बसले. एका फुलाला पहारेकरी! पुढे रोपं तयार करून काही ठिकाणी लावली, आणि जिथे लोकांना बघायची मोकळीक आहे तिथे आता कॅमेऱ्यांची रांग लागते. दुर्मीळ फुलांच्या फोटोतून जागेचा पत्ता पुसून टाकावा असा या जगाचा संकेत आहे, आणि तो योग्यच आहे. पण माणसं तो संकेत पाळतात ती संवर्धनासाठी की शेजाऱ्याला तेच फूल सापडू नये म्हणून, हे सांगणं कठीण.

आपली माणसं यात नाहीत असं समजू नका. लीड्सजवळ राहणारा एक मराठी गृहस्थ माझ्या माहितीत आहे. हा दर जुलैत भारतात येतो. सांगलीला आई वाट बघत असते, आणि हा दिल्लीहून परस्पर उत्तराखंडात घांगरियाला. का? तर तिथून व्हॅली ऑफ फ्लॉवर्स गाठता येते. १९३१मध्ये कामेत शिखरावरून परतताना फ्रँक स्माइद या खोऱ्यात उतरला, भुलला, आणि १९३८मध्ये पुस्तक लिहून मोकळा झाला. ते वाचून कितीतरी जण तिथे गेले. १९३९मध्ये फुलं गोळा करायला आलेली जोन मार्गारेट लेग ही बाई घसरून दगावली, तिची कबर तिथेच आहे. आज ते राष्ट्रीय उद्यान आहे, २००५पासून जागतिक वारसाही. रात्री आत राहता येत नाही. म्हणून आपले गृहस्थ पहाटेच फाटकाशी हजर, आणि मग निळ्या मेकोनॉप्सिससमोर चिखलात लोळण. कासला लोक फुलांत लोळतात ते स्वतःचा फोटो निघावा म्हणून. हा लोळतो फुलाचा निघावा म्हणून, एवढाच काय तो फरक.

तर त्यानं जीव पणाला लावून, पावसात तीन तास थांबून तो निळा फोटो काढला. कौतुकानं घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या मावशीनं त्यावर पिवळ्या अक्षरांत 'शुभ सकाळ' आणि कोपऱ्यात वाफाळता चहा चिकटवून तोच फोटो त्याला परत पाठवला. आठवडाभरात तो आणखी पाच गटांतून फिरून आला. स्पर्धेत काय झालं म्हणता? मधमाशी पाकळीवर असल्यामुळे प्रवेशिका 'फुलाचं रूप' या वर्गात बसते की 'फूल आणि कीटक' या, यावर घरात जो वाद झाला त्यात पाठवायची तारीखच उलटली.

वर्गांचे वाद तर न संपणारे. मुळात अल्पाइन कशाला म्हणायचं यावरच एकमत नाही. या मंडळांच्या प्रदर्शनात भूमध्य समुद्राकाठचा सायक्लॅमेन येतो, नेचे येतात, बुटके सूचिपर्णी येतात. थंडी सोसणारं आणि दगडी बागेत शोभणारं काहीही चालतं. स्नोड्रॉप तर हमखास, आणि त्याची एक गंमत: २०१५मध्ये 'गोल्डन फ्लीस' जातीचा एकच कंद लिलावात १,३९० पौंडांना गेला. ऐकून माझ्या हातातला चहा सांडला. एवढ्या पैशांत आमच्याकडे अख्खी बाग होते, माळ्यासकट.

सर्वांत बिकट प्रकरण मात्र गोगलगाईचं. डोलोमाइटच्या कड्यांत फायसोप्लेक्सिस नावाचं नखरेल जांभळं फूल येतं. गोगलगाईंना ते जीव की प्राण. वर्षानुवर्षं खपून कुंडीत आणलेलं तुमचं फूल एके सकाळी उमलतं, तुम्ही कॅमेरा घेऊन धावता, आणि पाकळीवर ओलसर, लठ्ठ पाहुणी जेवायला बसलेली. आता आधी तिला उचलायचं, की आधी फोटो काढायचा? ती कीटकांच्या वर्गात धरतात का? लीड्सच्या गृहस्थांनी ताबडतोब मोठं भिंग आणायला आत धाव घेतली होती, असं मला खात्रीलायक गोटातून कळलंय. नाव सांगणार नाही. त्यांची बायको हे मासिक वाचते, आणि ते फूल तिचं होतं.