कॉर्पसला पैसे द्या

चंडीगडच्या ‘द ट्रिब्यून’ला मालक नाही. उत्तरेतलं एवढं जुनं इंग्रजी दैनिक, जोडीला हिंदी आणि पंजाबी भावंडं, पण नफा घरी नेणारं कोणी नाही. विश्वस्त आहेत. सरदार दयालसिंग मजिठिया यांनी १८८१ मध्ये लाहोरात हे पत्र काढलं. १८९५ च्या मृत्युपत्रात त्यांनी छापखाना आणि पत्र विश्वस्तांच्या हवाली केलं आणि खर्च जाऊन जे उरेल ते पत्र सुधारण्यातच घालावं, असं बजावलं. कॉलेज आणि सार्वजनिक ग्रंथालयासाठीही मालमत्ता लावून दिली. १८९८ मध्ये ते गेले. पत्नी भगवान कौर यांनी मृत्युपत्राला आव्हान दिलं. खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला, १९०३ मध्ये निकाल लागला आणि मृत्युपत्र टिकलं. १९०८ मध्ये ग्रंथालय उघडलं, १९१० मध्ये कॉलेज.

पुढे फाळणीत लाहोरच हातचं गेलं. ट्रिब्यून सिमला, अंबाला करत १९६९ मध्ये चंडीगडला स्थिरावलं. दयालसिंगांच्या नावाचं कॉलेज कर्नालला आणि दिल्लीला नव्यानं उभं राहिलं. लाहोरचं ग्रंथालय तिथेच आहे, त्यांच्याच नावानं. देश तुटला, दान तुटलं नाही. कारण त्यांनी उत्पन्न देणारी मालमत्ता दिली होती आणि ती सांभाळणारी माणसं नेमून दिली होती.

आज एखाद्या कंपनीनं असं द्यायचं ठरवलं तर ते सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरलंच जात नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. शिक्षण, कला, ग्रंथालयं, सगळं यादीत आहे. पण जानेवारी २०२१ पासून संस्थेच्या कॉर्पसला, म्हणजे कायम निधीला, दिलेली रक्कम हिशेबात चालत नाही. पैसा प्रकल्पावर खर्च झाला पाहिजे, आणि चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं. मूल पहिलीत अक्षरं गिरवायला लागतं आणि चौथीच्या आसपास त्याच्या अभ्यासिकेचा निधी संपतो.

याचे परिणाम कुठल्याही छोट्या संस्थेत जाऊन बघा. कपाटभर टॅब आलेले असतात, ते चार्ज करून मुलांच्या हातात देणाऱ्या ताईचा पगार कुठल्याच रकान्यात बसत नाही. वाचनालयाला पुस्तकं मिळतात, ग्रंथपाल मिळत नाही. मार्चअखेर आली की फोन सुरू होतात, एकतीसच्या आत बिलं पाठवा, युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे खर्चल्याचा दाखला, पाठवा. बालनाट्याची तालीम मार्च बघून चालत नाही आणि तबल्याचा हात वर्षभरात बसत नाही. या कामांना दरमहा एक तारखेला येणारा पैसा लागतो. तो फक्त व्याजातून येऊ शकतो.

कंपन्या आपल्याच घरच्या फाउंडेशनच्या कॉर्पसमध्ये पैसा टाकून बसतील, ही भीती खोटी नाही. मग बंदी तेवढ्यावर घाला. कंपनीशी काडीचा संबंध नसलेल्या, दरवर्षी ऑडिट होणाऱ्या संस्थेला कायम निधी मिळू नये याचं एकही पटणारं कारण मला सापडत नाही.

साध्या देणगीदाराला तर ही अडचण मुळीच नाही. महाराष्ट्रात २०११ पासून ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमात दर गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख होते आणि वाचक धनादेश पाठवतात. पेन्शनर पाठवतात, नोकरदार पाठवतात. ही ताकद दयालसिंगांच्या जहागिरीपेक्षा कमी समजू नका. फक्त ती बहुतेक वेळा वर्षभरात संपते, कारण साधी देणगी हे संस्थेचं त्या वर्षाचं उत्पन्न ठरतं आणि त्यातला ८५ टक्के भाग सर्वसाधारणपणे त्याच वर्षी खर्चावा लागतो. देणगीदारानं तसं स्पष्ट कळवलं तरच ती रक्कम कायम निधीत ठेवता येते.

यंदा धनादेश लिहाल तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत एक ओळ घाला: ही रक्कम संस्थेच्या कॉर्पससाठी आहे. खाली सही, तारीख आणि पॅन नंबर.