तसाच आणखी एक

नागपूरकराला समुद्राची भीती वाटावी असं वास्तविक काहीच कारण नाही. समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटर गाडी हाणली तरी माणूस पोचतो तो भिवंडीजवळच्या आमण्याला. समुद्र त्याच्याही पुढे. आमचं पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा आणि काठावरची भाजलेली कणसं. अशा गावात राहून रात्री अकरा वाजता स्वतःच्याच बैठकीत, खोल पाण्यात आपल्यामागे कोणीतरी आहे असं वाटून मान वळवायची सवय मला लागली, ती ‘सबनॉटिका’ नावाच्या व्हिडिओ गेममुळे.

माझा भाचा इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहतो. गेम त्याच्या कॉम्प्युटरवर होता. तो कॉलेजात गेला की मी समुद्रात.

अमेरिकेतल्या ‘अननोन वर्ल्ड्‌स’ या कंपनीचा हा गेम २०१८च्या जानेवारीत पूर्ण स्वरूपात आला. कथा साधीच. तुमचं अंतराळयान एका परग्रहावर कोसळतं आणि तुम्ही एका डबीवजा होडीत वाचता. बाहेर सगळीकडे पाणी. सुरुवातीला छातीत दम असतो ४५ सेकंदांचा. तेवढ्यात खाली जायचं, खडकातून तांबं, टायटॅनियम जे मिळेल ते उचलायचं आणि वर यायचं. भूक लागते, तहान लागते. नकाशा मात्र मिळत नाही. होकायंत्रसुद्धा आपलं आपणच बनवायचं. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं आकृत्या काढायला लागले. ‘जहाजाच्या डावीकडे लाल गवत. त्यापुढे जाऊ नये.’ माझ्या नकाशाचा निम्मा भाग ‘जाऊ नये’ या प्रदेशानं व्यापला होता. त्या प्रदेशात रीपर नावाचा पन्नास-पंचावन्न मीटर लांबीचा प्राणी राहतो. तो दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि दिसला की मग नकाशाचं प्रयोजन उरत नाही.

आणि हातात बंदूक नाही. चाकू आहे, प्राण्याला घटकाभर थिजवून ठेवणारं एक यंत्र आहे, पण गोळ्या घालायची सोय नाही. हे ठरवून केलेलं आहे. २०१२ साली अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत गोळीबार होऊन लहान मुलं मारली गेली. त्यानंतर जगात आणखी बंदुकांची भर घालायची इच्छा उरली नाही, असं या गेमचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. गंमत अशी, की ही कंपनी २०२१मध्ये ‘क्राफ्टॉन’नं विकत घेतली. क्राफ्टॉन म्हणजे पब्जीवाले. भाचा फोनवर ज्यांच्या कृपेनं दिवसाकाठी शंभर गोळ्या झाडतो, त्यांच्याच घरात हा निःशस्त्र गेम नांदतो आहे.

माझ्या सासूबाई शेजारी बसून बघायच्या. त्यांना रीपरचं काही वाटलं नाही. त्यांचा आक्षेप पाण्यावर. या समुद्रात गोडं पाणी मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे ब्लॅडरफिश नावाचा, फुगा आल्यासारखा एक मासा धरायचा आणि यंत्रात घालायचा. यंत्र त्याच्यातून पाण्याची बाटली काढून देतं.

“पाणी प्यायला मासा पिळून राहिली तू?”

“आई, दुसरं पाणीच नाही इथे.”

“आन् आज एकादशी आहे.”

मग शोधाशोध केली. मीठ आणि प्रवाळाचा तुकडा यांच्यापासून ब्लीच तयार होतं आणि त्यानं पाणी शुद्ध करता येतं. कलिंगडासारखी फळं लावून त्यांच्यावर पोटही भरता येतं. परग्रहावरच्या समुद्रतळाशी शाकाहारी संसार उभा राहिला. सासूबाईंनी कुंडीत काय लावलंय ते रोज विचारायला सुरुवात केली. वेळ दुप्पट लागला, पण घरात शांतता राहिली.

गेम संपवायचा म्हणजे रॉकेट बांधून ग्रह सोडायचा. मी रॉकेट बांधून ठेवलं आणि कितीतरी दिवस निघालेच नाही. शेवटी निघाले, श्रेयनामावली वर सरकत गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. त्याच कंपनीचा पुढचा भाग, २०२१चा ‘बिलो झीरो’, लगेच खेळून झाला. चांगला आहे. पण त्यातली नायिका बोलते फार. पाण्यात एकटं असण्याची मजा कोणी सतत बोलत असलं की जाते, हे माहेरच्या गोतावळ्याबरोबर महाबळेश्वरला गेलेल्या कोणालाही पटेल.

मग भाच्यानं ‘तसाच आणखी एक’ शोधायचं मनावर घेतलं. गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाची पद्धत गुरुजींसारखी आहे. भूक लागते? एक गुण. झाड तोडता येतं? एक गुण. घर बांधता येतं, रात्री भीती वाटते, तुटकी वस्तू दुरुस्त होते? असे छत्तिसांतले एकतीस जुळले की स्थळ उत्तम म्हणून पुढे सरकवायचं.

पहिलं स्थळ स्वीडनचं. तिथल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला ‘राफ्ट’. समुद्र आहे, तहान आहे, शार्कसुद्धा आहे. चार फळ्यांच्या तराफ्यावर उभं राहून वाहत येणारं प्लास्टिक, लाकूड, झावळ्या आकड्यानं ओढायच्या आणि त्यांतून घर वाढवत न्यायचं. शार्क मधूनमधून येऊन तराफ्याचा कोपरा कुरतडतो. सासूबाईंना हा गेम फार आवडला. मला तो खेळताना जाणवलं ते असं, की मी पाणी भरते आहे, शिजवते आहे, डागडुजी करते आहे आणि उरलेल्या वेळात भंगार गोळा करते आहे. एवढ्यासाठी गेम विकत घेण्याची गरज नव्हती.

दुसरं स्थळ कॅनडाचं, ‘द लाँग डार्क’. वीज गेलेली, बर्फ पडलेला, लांडगे मागावर आणि माणूस एकटा. गेम देखणा आहे, गंभीर आहे. पण तो मी हाती घेतला नागपूरच्या मे महिन्यात. २०२४च्या मे अखेरीस आमच्याकडच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान नोंदवलं होतं. सेन्सर बिघडला होता असा खुलासा हवामान खात्यानं केला खरा, पण तोवर निम्म्या शहरानं ‘तरीच!’ म्हणून घेतलं होतं. अशा उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून, कूलरच्या टाकीत बादलीनं पाणी ओतून मी पडद्यावर हिमदंशानं मरू नये म्हणून काटक्या शोधत होते. शरीर कशावरही विश्वास ठेवेल, पण एका मर्यादेपर्यंत.

तिसरं स्थळ फार श्रीमंत. ‘नो मॅन्स स्काय’मध्ये अठरावर अठरा शून्यं द्यावीत एवढे ग्रह आहेत, सगळे गणिती सूत्रांवरून संगणकानं घडवलेले. २०१६ साली तो आला तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली. मग बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं फुकट भर घालून त्याचं नाव सुधारलं, हे मानलंच पाहिजे. पण मला त्या अगणित ग्रहांवर फिरताना एकच प्रश्न पडायचा, की इथे माझ्याआधी कोणी काही मुद्दाम ठेवलंय का? सबनॉटिकाचा समुद्र जेमतेम काही किलोमीटर लांब-रुंद आहे, पण त्यातली प्रत्येक गुहा कोणीतरी हातानं कोरलेली आहे. कुठलाही कोपरा वळताना तिथे काहीतरी असेल अशी खात्री वाटते. अब्जावधी ग्रहांवर ती वाटत नाही.

ही ‘तसंच आणखी’ची भूक काही कॉम्प्युटरबरोबर आलेली नाही. १७१९च्या एप्रिलमध्ये ‘रॉबिन्सन क्रूसो’ बाजारात आलं, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत डॅनियल डिफोनं पुढचा भाग छापून टाकला होता. त्यानंतर युरोपात इतके लोक बेटांवर अडकले, की बारा वर्षांत जर्मन भाषेत या प्रकारच्या पुस्तकांना वेगळं नाव पडलं. त्यातली बहुतेक आज कोणी वाचत नाही. बेट होतं, बकऱ्या होत्या, छत्री होती, छत्तिसांतले एकतीस.

अखेरीस जुळलं ते भलतंच. ‘आउटर वाइल्ड्‌स’, २०१९चा. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून वाढलेला. यात भूक नाही, तहान नाही, काही बांधायचं नाही. एक छोटीशी सूर्यमाला, एक डगमगतं यान. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तुमच्याजवळ उरतं ते फक्त मागच्या खेपेस कळलेलं. एक ग्रह पूर्ण पाण्याचा आहे. त्याच्यावर चक्रीवादळं फिरतात आणि ती बेटंच्या बेटं उचलून अंतराळात भिरकावतात. मी त्यातल्या एका बेटावर भिंतीवरचा जुना मजकूर वाचत उभी होते. वाचताना उजेड बदलला म्हणून वर पाहिलं, तर ढग माझ्या खाली होते. मान आपोआप मागे वळली.

“यात तर काहीच जुळून नाही राहिलं,” भाचा म्हणाला.

जुळत होतं ते यादीत बसणारं नव्हतं. दोन्ही गेममध्ये आपल्याआधी कोणीतरी तिथे येऊन गेलेलं असतं. त्यांची घरं पडलेली, यंत्रं अर्धी चालू, टिपणं विखुरलेली. आपण उशिरा पोचलेले, रिकाम्या हातांचे. आपल्याला कोणाला मारायचं नसतं, फक्त काय घडलं ते समजून घ्यायचं असतं.

हे त्याला समजावताना मला स्टीफन हिस्लॉप आठवले. नागपुरात हिस्लॉप कॉलेज ठाऊक नाही असा माणूस मिळणार नाही, आणि त्यातला हिस्लॉप कोण हे सांगणारा चटकन सापडणार नाही. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली इथे आला, तेव्हा नागपुरावर भोसल्यांचं राज्य होतं. आला धर्मप्रचाराला, पण दिसेल तो दगड उचलून बघायची खोड. रॉबर्ट हंटर या सोबत्याबरोबर सीताबर्डीची टेकडी, टाकळी असं करत तो फिरला आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातून त्यांनी गोड्या पाण्यातले शिंपले, किडे, फळं यांचे जीवाश्म काढले. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे खालून लाव्हा येत होता आणि मधल्या विश्रांतीत तळी साचत होती. तळ्यांच्या बाबतीत आमचं गाव तेव्हापासूनच सधन आहे. एका खनिजाला पुढे ‘हिस्लॉपाइट’ नाव मिळालं. गोंडी गीतंही त्यानं गोळा केली. ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. १८६३च्या सप्टेंबरमध्ये तो टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला आणि परतताना पुराच्या पाण्यात बुडाला.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, “ती वर्तुळं अजून आहेत काय?”

टाकळघाट राहू द्या, म्हटलं, काटोल रोडवर जुनापाणीला जाऊ. शहराबाहेर थोडं गेलं की लोहयुगातल्या माणसांनी मृतांसाठी रचलेली ही दगडांची वर्तुळं लागतात, तीनशेच्या आसपास. विदर्भातल्या अशा वर्तुळांखाली लोखंडी अवजारं सापडली आहेत, घोड्यांचे अवशेष सापडले आहेत. काही दगडांवर वाटीएवढे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. त्यांचा ताऱ्यांशी संबंध लावायचा प्रयत्न अभ्यासकांनी केला आहे. भाचा उकिडवा बसून एका दगडावरचे खळगे बोटानं मोजत होता. मोजून झाल्यावर त्यानं शेजारच्या दगडावरचे मोजले, आणि आकडा जमेना म्हणून पुन्हा पहिल्याकडे आला.

शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबून आमच्याकडे बघत होता.

“हे कोणी केलं, बाबाजी?”

“आमच्या आज्याच्याबी पहिलेपासून आहे,” तो म्हणाला. मग काठीनं झुडपांपलीकडे दाखवलं. “तिकडे अजून आहेत ना.”

“नकाशात तर दाखवून नाही राहिलं,” भाचा फोन हलवत म्हणाला, आणि त्या दिशेनं निघालासुद्धा. मी पिशवी उघडून पाण्याच्या बाटल्या पाहिल्या. एक भरलेली होती, दुसरी अर्धी.