तीनशेपासष्ट

सोसायटीत त्यांना सगळे ‘तीनशेपासष्ट’ म्हणतात. रोज एक फोटो काढायचा, वर्षभर खाडा करायचा नाही, असा पण काकांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच एक जानेवारीला केला. २०२४ लीप वर्ष निघालं, तेव्हा वात्रट मंडळींनी वर्षापुरतं नाव बदलून तीनशेसहासष्ट केलं. काकांना ती बढती वाटली.

असा एक तरी गृहस्थ आता पुण्यातल्या दर सोसायटीत असतो. खूण सोपी आहे. चालता चालता तो एकदम थांबतो, मान तिरकी करतो आणि एक डोळा मिटतो. पूर्वी अशा माणसाला लोक धावत जाऊन खुर्ची आणि पाणी द्यायचे.

रोलच्या जमान्यात हेच काका महाकंजूष. छत्तीस फोटोंचा रोल गणपतीत भरला की तो दिवाळी, भाचीचं डोहाळजेवण आणि महाबळेश्वर उरकून शिमग्यापर्यंत पुरायचा. शेवटचे दोन फोटो ‘असू देत, लागतील’ म्हणून राखीव. आता एका खंड्यावर दोनशे फोटो खर्ची पडतात. त्यातल्या एकशे नव्व्याण्णवांत नुसती फांदी असते. उरलेल्या एकात खंड्या असतो, पण पाठमोरा.

तरी कॅमेरा परवडला. खरा ताप त्यांच्या कॅमेरावाल्या मित्रांचा. प्रत्येकाचा प्रांत वेगळा आणि काका सगळ्यांचे शिष्य. पक्षीवाल्या मित्राने त्यांना भिगवणला नेलं. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पहाटे चारला पुणं सोडलं तर उजाडताना नावेत बसता येतं. पक्षी बुजू नयेत म्हणून तिथे कुजबुजत बोलायचं असतं. काका परत आल्यावरही आठवडाभर दूधवाल्याशी कुजबुजत होते.

मग पॅनिंगवाला भेटला. शटरचा वेग एक-तीसांश ठेवायचा, धावत्या वाहनाबरोबर त्याच गतीने कॅमेरा फिरवायचा, म्हणजे वाहन स्वच्छ येतं आणि मागच्या जगाच्या रेघा होतात. काका टिळक रस्त्यावर उभे राहिले. रिक्षा आली, पण ऐन वेळी कमरेने असहकार पुकारला. फोटोत रिक्षाच्या रेघा झाल्या आणि मागच्या दुकानावरची ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी मात्र वाचता येईल इतकी ठळक आली.

खाद्यपदार्थवाल्या मित्राने गुपित सांगितलं: भाजी ताजी टवटवीत दिसायला तिच्यावर ग्लिसरीन आणि पाण्याचा फवारा मारतात, थेंब ओघळत नाहीत. काकांनी काकडीच्या कोशिंबिरीवर प्रयोग केला. पाहुणे जेवायला बसले होते. काकूंचा आक्षेप कोशिंबिरीबद्दल नव्हताच.

“ती बाटली माझ्या टाचांच्या भेगांची होती,” एवढंच त्या म्हणाल्या. पाहुण्यांनी वाढलेलं पान तसंच ठेवलं.

कृष्णधवलवाल्या मित्राने कार्तिए-ब्रेसाँचं १९५२ सालचं पुस्तक दाखवलं. फोटो काढायचा तो निर्णायक क्षणी, हे त्या माणसाचं सूत्र. काका त्या क्षणाची वाट पाहत मंडईत भाजीवालीसमोर ताटकळले. क्षण आलाही असेल. काका तेव्हा बॅटरी बदलत होते. “काका, मेथी घ्यायची का नुसती बघायची?” असं ऐकल्यावर उभं राहण्याचं भाडं म्हणून पाच जुड्या घेऊन घरी आले.

थोडक्यात, काकांचा फोटो बघून काल त्यांनी कोणाबरोबर चहा घेतला ते बिनचूक सांगता येतं.

अपवाद एकच. कधीकधी मित्र भेटत नाहीत, दिवस बँकेत आणि दाताच्या डॉक्टरकडे जातो आणि रात्री पावणेबाराला काकांना फोटो आठवतो. मग ते मोबाइल घेऊन घरभर हिंडतात आणि दिसेल ते टिपतात. दोरीवर वाळणारा एकटा मोजा. फ्रिजच्या दिव्यात दहीभाताचं पातेलं. मच्छरदाणीतून काकूंची पाठ; त्या रागावल्यात हे पाठीकडूनही कळतं. प्रकाश धड नाही, हात हललेला. या फोटोंखाली काका शरमून ‘आजचा नाइलाज’ असं लिहितात. मला विचाराल तर वर्षभरातले बघण्यासारखे फोटो तेवढेच, पण हे त्यांना सांगायची सोय नाही. लगेच दुसऱ्या दिवसापासून ते ठरवून पावणेबाराला उठतील.

परवा पक्षीवाल्याने त्यांना हळूच बाजूला घेऊन विचारलं, “तो दहीभात कोणत्या लेन्सवर काढलास?” काकांना वाटलं, चेष्टा चाललीय. मान खाली घालून म्हणाले, “मोबाइलवर. आता नाही करणार.”

काल रात्री बाराच्या सुमारास त्या मित्राच्या बायकोचा काकूंना फोन आला. “वहिनी, यांना साखर आहे हो, आणि दोन दिवस झाले, मध्यरात्री फ्रिज उघडून समोर मांडी घालून बसतात. खात काहीच नाहीत. तुमच्याकडे हे कधीपासून सुरू झालं?”