माई बिअर मागतात!

“काय गं, घाईत आहेस? नाही ना? मग ये जरा कुंपणाशी. कोपऱ्यावरच्या माईंचं कळलं का? रोज पहाटे गच्चीत येरझाऱ्या घालत बिअर मागतात!”

“काकू, हळू बोला! चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या माई, आणि बिअर?”

“अगं, जर्मनमध्ये मागतात. लेकीच्या बाळंतपणाला श्टुटगार्टला जायचंय ना. रानडे इन्स्टिट्यूटच्या जर्मन वर्गाचे जिने गुडघ्यांना झेपायचे नाहीत म्हणाल्या, म्हणून जावयाने फोनवर धडे घालून दिलेत. पॉल पिम्सलर म्हणून अमेरिकेत प्राध्यापक होते, त्यांची पद्धत. अर्ध्या तासाचा एक धडा, ३० धड्यांची एक पायरी. वही नाही, पुस्तक नाही, कानात बोंडं घालायची आणि बोलत सुटायचं.”

“पण त्यात बिअर कुठून आली?”

“धड्यात एक अमेरिकन बाप्या जर्मन बाईशेजारी बसलेला असतो. आधी तो तिला रस्ता विचारतो, मग काही प्यायला चला म्हणतो. माईंनी त्या बाप्याचं काम करायचं!”

“अगंबाई! माझा भाचा शिकलाय यावरून. नुसतं ऐकायचं नसतं म्हणाला. धड्यातला आवाज विचारतो आणि गप्प बसतो, तेवढ्यात आपण मोठ्याने उत्तर द्यायचं. मग बरोबर उत्तर ऐकवतात. नवा शब्द ५ सेकंदांनी पुन्हा विचारायचा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, असं लांबवत न्यायचं. विसरायच्या बेतात आलो की विचारलंच! १९६७ साली मांडलंय म्हणे हे पिम्सलरनी.”

“आणि लांबलचक शब्द शेपटीकडून शिकवतात. आधी ‘गुंग’, मग ‘डिगुंग’, मग ‘शुल्डिगुंग’, मग अख्खं ‘एन्टशुल्डिगुंग’. माईंच्या नानांना वाटलं हिला उचकी लागली. तांब्या घेऊन धावले बिचारे!”

“पण काकू, तो आवाज विचारतो इंग्रजीत ना?”

“तिथंच तर घोडं अडलं. आधी त्याचं इंग्रजी कळायचं, मग जर्मन आठवायचं, तोवर त्याचं थांबणं संपलेलं! ‘जर्मन यायचं तेव्हा येईल, इंग्रजी मात्र सुधारलं’ म्हणतात माई. आणि खरी पंचाईत पुढेच. तिकडे बाळ-बाळंतिणीला बघायला सुईण घरी येते. हेबामं म्हणतात तिला, पैसे विमा देतो. तिच्यापुढे बिअर मागून कसं चालेल? शेकशेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, यातलं अक्षरही त्या धड्यांत नाही.”

“मग?”

“मग लेकीने डोकं लढवलं. स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग पाठवते. आधी मराठी वाक्य, मग गप्प, मग जर्मन. थोड्या वेळाने तेच वाक्य पुन्हा. पद्धत पिम्सलरची, वाक्यं घरची. ‘पाणी कोमट आहे’, ‘बाळ आत्ताच झोपलंय’, ‘डॉक्टरांना विचारलंय’. आता माई कशा भराभर बोलतात बघ!”

“ते ठीक. पण ती सुईण उलट काही बोलली तर? तिचं म्हणणं थोडंच रेकॉर्डिंगमध्ये असणार?”

“मीही हेच विचारलं. तर म्हणे रविवारी फोनवर लेकच सुईण होते आणि मुद्दाम आडवं बोलते. परवा चांगलीच जुंपली दोघींची! धुरीवर माईंनी माघार घेतली, कारण तिकडे घराघरात छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, जरा धूर झाला की बोंब मारतं. मालिशवर मात्र हटायला तयार नाहीत. ‘बाळाला तेल मीच लावणार’ हे वाक्य ना ५ सेकंदांनी विचारावं लागलं, ना २५ सेकंदांनी. एकदा ऐकलं आणि तोंडपाठ!”